वचनचिठ्ठीवरचे गाव

साहित्याच्या विद्यार्थ्याने जुन्या नोटांकडे का पाहावे, हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो की नाणी-नोटा जमवणे हा फावल्या वेळचा छंद, फार तर इतिहासाचे एक उपांग. त्याचा वाङ्मयाशी संबंध काय? आमचे म्हणणे याच्या उलट आहे. चलनी नोट हा छापील मजकूर आहे. तिला लेखक आहे, प्रकाशक आहे, प्रकाशनस्थळ आहे, स्वाक्षरी आहे, आणि ज्याच्या हाती ती पडते त्या प्रत्येक वाचकाला दिलेले एक वचन आहे. एवढ्या मोठ्या संख्येने छापलेला आणि एवढ्या कमी लोकांनी वाचलेला मजकूर दुसरा नसेल.

हा विचार पुढे नेण्यासाठी थोडे दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेत जुन्या नोटा जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि त्यांचा जीव जडलेला असतो तो लहान गावांतील बँकांनी काढलेल्या 'नॅशनल बँक नोटां'वर. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६३ आणि १८६४ साली, तेथील काँग्रेसने कायदे करून एक नवी व्यवस्था उभी केली. एखाद्या गावातल्या चार व्यापाऱ्यांनी भांडवल गोळा करावे, संघराज्याकडून सनद घ्यावी, सरकारी कर्जरोखे विकत घेऊन ते सरकारजमा करावेत, आणि त्या तारणावर आपल्या बँकेच्या नावाच्या नोटा मिळवाव्यात, अशी ती व्यवस्था. नोटांचा नमुना देशभर एकच. पण प्रत्येक नोटेवर बँकेचे नाव, गावाचे नाव आणि पुढे सनदेचा क्रमांकही छापलेला. जुन्या काळी नोटांचे न कापलेले ताव बँकेत येत, बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर त्यांवर शाईने सह्या करीत, आणि मग कात्रीने नोटा सुट्या केल्या जात. १८६३ ते १९३५ या काळात बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. त्यांतली कित्येक गावे आज नकाशावर शोधावी लागतात.

तेथील संग्राहक काय करतो? तो आपल्या गावाची, आपल्या परगण्याची नोट शोधतो. ती मिळाली की सही कोणाची हे पाहतो. मग त्या कॅशियरचे नाव जुन्या वर्तमानपत्रांत, जनगणनेच्या नोंदींत, दफनभूमीच्या यादीत धुंडाळतो. बँक का बुडाली, कोणात विलीन झाली, कोणत्या खाणीचे काम थांबल्यावर गाव ओस पडले, हे सारे एका कागदाच्या तुकड्यावरून उलगडत जाते. ज्याला आपण तळटीपा म्हणतो, त्या तो माणूस आयुष्यभर लिहीत असतो. त्याला संशोधक म्हणायला आपण कचरतो, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. आम्ही टिटवाळ्यात राहतो. या गावाची ओळख बाहेरच्यांना दोनच गोष्टींची: महागणपतीचे देऊळ आणि कल्याणच्या पुढचे लोकलचे स्थानक. टिटवाळ्याच्या नावाची चलनी नोट कधी निघाली नाही. निघण्याचे कारणही नव्हते. मुंबई इलाख्यात नोटा काढण्याचा अधिकार मिळालेली बँक म्हणजे प्रामुख्याने १८४०च्या सनदेची 'बँक ऑफ बॉम्बे'. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांच्याही प्रतिमा असत. ज्या इमारतीत आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे आणि जिच्या पायऱ्यांवर आपल्यापैकी अनेकांनी प्रबंधाच्या विवंचनेत दुपारी काढल्या आहेत, ती इमारत एके काळी पैशावर छापलेली होती, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अगदीच परकी वाटू नये.

१८६१च्या कागदी चलनाच्या कायद्याने खाजगी व इलाख्याच्या बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार गेला आणि तो सरकारकडे आला. आमच्या दृष्टीने खरी गोष्ट येथे सुरू होते. सरकारी नोटाही आरंभी साऱ्या देशाच्या नव्हत्या. देश 'सर्कलां'मध्ये विभागलेला होता आणि ज्या सर्कलची नोट, तिथल्याच कचेरीत तिचे रुपये हक्काने मिळत. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही मुख्य सर्कले. त्यांच्या हाताखाली पोट-सर्कले. या पोट-सर्कलांच्या यादीत अलाहाबाद, लाहोर, कालिकत, कराची यांच्या पंक्तीला आपली दोन नावे येतात: नागपूर आणि अकोला.

नागपूर समजण्यासारखे आहे. ती भोसल्यांची राजधानी आणि मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण. पण अकोला? याचे उत्तर कापसात आहे, आणि तेथे अमेरिका पुन्हा भेटते. ज्या यादवी युद्धाने अमेरिकेत गावोगावच्या नोटांना जन्म दिला, त्याच युद्धाने तेथील कापूस अडवला, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या, आणि अकोला-खामगावच्या बाजारात पैशाचा पूर आला. कापूस वाहून नेण्यासाठी लोहमार्ग हवा होता. १८५५ साली कल्याणहून वाशिंदपर्यंत, म्हणजे आमच्या टिटवाळ्यावरून, गेलेला मार्ग १८६५ साली थळ घाट चढून पलीकडे गेला आणि १८६७ साली अकोल्यावरून नागपूरला पोहोचला. आज आमच्या फलाटावर कसारा लोकलची वाट पाहणारा प्रवासी ज्या रुळांकडे पाहतो, त्याच मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईला उतरत होता. एका युद्धाची दोन अपत्ये: तिकडे खेड्याच्या नावाची नोट, इकडे अकोल्याच्या नावाची. अकोला सर्कलची नोट आज अत्यंत दुर्मिळ आहे. मराठी संग्राहकाला अमेरिकन संग्राहकाच्या जवळात जवळ नेणारी वस्तू कोणती, असे विचारल्यास आम्ही तिचेच नाव घेऊ.

त्या काळच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत. त्यांवरच्या भाषांकडे तर भाषेच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे. १८६७नंतरच्या हिरव्या रंगाच्या नोटांवर चार भाषांत रक्कम लिहिलेली असे, आणि या भाषा सर्कलप्रमाणे बदलत. पुढच्या लाल नोटांवर त्या आठ झाल्या. कोणत्या प्रदेशात कोणती लिपी वाचली जाते, याचा हा सरकारने मांडलेला हिशेब होता. आजच्या नोटेच्या मागच्या बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे. तीत मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधोमध. 'शंभर रुपये' हे दोन शब्द जितक्या हातांतून गेले असतील, तितक्या हातांतून मराठीतला कोणता ग्रंथ गेला आहे?

संग्राहकांना आणखी एक वस्तू सापडते: अर्धी नोट. टपालातून पैसे पाठवताना चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध फाडीत. एक तुकडा आधी पाठवायचा, पोच आली की दुसरा. दोन्ही तुकड्यांवर क्रमांक असल्याने पावती मिळाल्यावर ते जोडून पैसे घेता येत. ही युक्ती आपल्या व्यापाऱ्यांना चमत्कारिक वाटली नसणार, कारण हुंडीची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ. रक्कम लिहिताना शंभर रुपये, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट, असे उलटसुलट लिहायचे, म्हणजे खाडाखोडीला वाव नाही. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी मुदतीने. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ पत असलेल्या गृहस्थाच्याच हाती द्यायचे. भाषेवर एवढा कडक विश्वास ठेवणारा आणि भाषेबद्दल एवढा सावध असलेला दुसरा गद्यप्रकार आम्हांस ठाऊक नाही.

या व्यवहाराने मराठीला दिलेले शब्द मोजून पाहा. नावाला 'बट्टा' लागतो, तो मुळात परगावचे नाणे बदलताना कापून घेतलेला बट्टा आहे. 'पत' हा शब्द आपण अब्रूसाठीही वापरतो आणि कर्जासाठीही. अमक्याची 'हुंडी वटते', तमक्याचे नाणे 'खणखणीत' वाजते, कोणी एखादा 'चलनी' लेखक असतो. समीक्षेत आपण सर्रास वापरतो ते 'मूल्य' आणि 'कस' हे शब्दही सराफाच्या पेढीवर जाऊन आलेले आहेत. आपण साहित्याची पारख करतो ती सोनाराच्या भाषेत. आणि सोनाराचा कागद मात्र आपल्याला अवाङ्मयीन वाटतो.

सर्कलपलीकडेही मराठी मुलूख होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचे चलन वेगळे होते. १९१८च्या कायद्यानंतर हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या, आणि त्यांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही होती. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासावर लिहिताना शाळा, न्यायालय आणि वर्तमानपत्र यांची चर्चा होते. रोज कनवटीला असलेल्या या बहुभाषिक कागदाची होत नाही. या नोटांवरच्या सह्या वाचल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. संस्थानाचे अर्थमंत्री म्हणून सही करणाऱ्यांत गुलाम मोहम्मद आहेत, जे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले. आणि झाहिद हुसेन आहेत, जे पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. परभणीच्या शेतकऱ्याच्या कनवटीत पुढच्या फाळणीची नावे आधीच पडलेली होती. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे?

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो आम्हांस हलका वाटत नाही. गावाचे नाव असलेल्या नोटेबद्दल हळवे होणे सोपे आहे. पण ज्याला ती वापरावी लागे त्याचे काय? अकोल्याची नोट मद्रासेत हक्काने वटत नव्हती. परमुलखात ती मोडायची तर बट्टा द्यावा लागे, आणि तो सोसायचा तो बहुधा ज्याच्यापाशी थांबण्याइतका वेळ आणि ओळख नव्हती त्याने. म्हणूनच पाच रुपयांची नोट १९०३ साली ब्रह्मदेश वगळता देशभर, आणि दहा, पन्नास व शंभराच्या नोटा १९१० व १९११ साली सर्वत्र चालू झाल्या, तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत. नोटेवरचा गाव महत्त्वाचा उरला नाही, आणि सामान्य माणसाची सोय झाली. ही सोय नाकारणारा स्मरणरंजनवाद आमचा नव्हे.

आक्षेपाची दुसरी बाजू याहून तिखट आहे. अमेरिकेतले युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईत शेअरांचा बुडबुडा फुटला, आणि त्यात पोळलेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. पुढे सावकारांनी हात आखडले, सारा वाढला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांनी मागितले काय? कागद. कर्जखते आणि वह्या ताब्यात घेऊन त्यांची होळी केली. आठ वर्षांनी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. ज्याला वाचता येत नाही त्याच्याविरुद्ध लिहिलेला कागद हे शस्त्र असते, हे सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्या कोणत्याही सिद्धांतकाराआधी कळले होते. तेव्हा जो संग्राहक केवळ देखण्या, करकरीत नोटा जमवतो आणि कर्जखत रद्दीत टाकतो, तो इतिहासाची एकच बाजू प्लास्टिकच्या पाकिटात बंद करतो.

हा आक्षेप मान्य केल्यावरही आमचे मूळ म्हणणे उरतेच; किंबहुना ते अधिक घट्ट होते. प्रश्न गावाच्या अभिमानाचा नाही. वचन कोणी दिले, कोणाला दिले आणि ते कोठे पाळले जाणार होते, हे वाचण्याचा आहे. आजही शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या सहीने धारकास वचन दिलेले असते. एक रुपयाच्या नोटेवर मात्र असे वचन नाही, कारण ती सरकारची आहे आणि तिच्यावर सही वित्त सचिवाची असते. किती पदवीधरांनी हा फरक वाचला आहे? आपण वर्गात 'संहितेचे सूक्ष्म वाचन' शिकवतो आणि खिशातली संहिता न वाचता चहावाल्याला देतो.

आता वर्तमानाकडे. नोटा काढण्याचा अधिकार आपल्या लहान गावांना मिळाला नाही. पण बँका मिळाल्या. सांगली बँक १९१६ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ची. मिरज स्टेट बँक होती, बेळगाव बँक होती, कुरुंदवाडची गणेश बँक होती. बेळगाव बँक १९७६ साली आणि मिरज स्टेट बँक १९८५ साली युनियन बँकेत गेली. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये, कुरुंदवाडची बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत, आणि सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. प्रत्येक विलीनीकरणाला आर्थिक कारण होते आणि ठेवीदारांच्या दृष्टीने बहुतेकदा ते हिताचेच ठरले. पण एका सकाळी पाटी बदलली, आणि गावाचे नाव व्यवहारातून उतरले. मागे राहिले ते पासबुक, चेकबुकांची अर्धुके, भागधारकाचे प्रमाणपत्र, वार्षिक अहवाल, आणि दिवाळीला वाटलेल्या दिनदर्शिका. अमेरिकन संग्राहकासाठी जे काम नोट करते, ते आपल्याकडे हे कागद करू शकतात. त्यांवरही गावाचे नाव आहे, शाईची सही आहे, आणि वचन आहे.

हे कागद कोठे जात आहेत, ते आम्ही रोज पाहतो. मांडा-टिटवाळ्यात जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत. घर रिकामे करताना पितळेची भांडी वाटून घेतली जातात, लाकूड विकले जाते आणि ट्रंकेतला कागद किलोवर रद्दीत जातो. कल्याण-डोंबिवलीची गोष्ट वेगळी नाही. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून येऊन येथे वसलेल्या माणसांनी आपल्याबरोबर आणलेली गावाकडच्या पतपेढीची पुस्तके, मनिऑर्डरीच्या पावत्या, भिशीच्या वह्या यांतून या उपनगरांचा खरा इतिहास लिहिता येईल. स्थलांतरावर आपण परिसंवाद घेतो. स्थलांतरिताच्या मिळकतीतला किती भाग दर महिन्याला गावी परत जात होता, हे सांगणारी पावती मात्र परिसंवादाच्या दिवशीच रद्दीवाल्याच्या तराजूत असते.

बाजाराकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्याला ७८६ने संपणारा क्रमांक हवा, छपाईतली चूक हवी, घडी न पडलेला कागद हवा. नोट परदेशी पाठवून, तिला गुण देऊन, ती पारदर्शक कवचात बंद करून आणली की किंमत वाढते. घडी हा बाजाराच्या लेखी दोष आहे. आमच्या लेखी घडी हा पुरावा आहे. कोणीतरी ती चौपदरी करून लुगड्याच्या गाठीत बांधली होती. यात जाणत्या संग्राहकांचे ऋण आम्ही विसरत नाही. भारतीय कागदी चलनाची जी पद्धतशीर सूची आज हाताशी आहे, ती रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला या संग्राहकांनी सिद्ध केली, विद्यापीठांनी नव्हे; आणि ती इंग्रजीत आहे. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याएवढी.

गंमत अशी की आपण ज्याला अभ्यास मानत नाही, त्याला कायद्याने अभ्यास मानले आहे. २०१६ साली ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. पुढच्या वर्षीच्या कायद्याने त्या दहापेक्षा अधिक बाळगणे दंडनीय ठरले. पण अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीसपर्यंत नोटा ठेवण्याची मुभा दिली. संसदेने त्या रद्द झालेल्या कागदाला पंधरा नोटांपुरती का होईना, अभ्याससाहित्याची प्रतिष्ठा दिली. आमच्या माहितीतल्या एकाही मराठी विभागाने ती मुभा वापरलेली नाही. रांगेत उभे राहिलेल्या देशावर कविता पुष्कळ झाल्या. ज्या कागदासाठी रांगा लागल्या, तो कागद कपाटात ठेवावा असे कोणाला सुचले नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एक खोके ठेवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या घरातला पैशाविषयीचा एक जुना कागद आणावा: नोट, पासबुक, कर्जखत, पावती, काहीही. मूळ कागद घरच्यांना हवा असेल तर छायाचित्र घेऊन परत द्यावा. त्याबरोबर दोन पाने लिहावीत: कागद कोणाचा, कोणत्या गावचा, त्यावर कोणत्या भाषा, सही कोणाची, वचन काय आणि ते पाळले गेले का. खातेक्रमांक आणि हयात माणसांचे तपशील झाकावेत, हे सांगायला नकोच. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्गाला एकदा मुंबईच्या फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय दाखवावे. ते २००४ साली उघडले आणि आमच्या स्थानकापासून दीड-दोन तासांवर आहे.

दहा वर्षांत अशा एका खोक्यात काही शेकडा कागद जमतील. त्यांत अकोला सर्कलची नोट निघण्याचा संभव जवळजवळ नाही. पण कुरुंदवाडच्या बँकेचे पासबुक निघेल, हाली शिक्क्याची मराठी अक्षरे असलेली नोट निघेल, अंगठ्याचा ठसा असलेले खत निघेल. तो ठसा कोणाचा, हे विचारणारा विद्यार्थी त्या दिवसापासून वाचू लागला, असे आम्ही समजू.